जुन्या नोंदींतली वेळ कोणत्या घड्याळाची? (१९४२ ते ४५ ची ‘नवी वेळ’)

माहुलीकर (सातारा) यांचा धागा

माझे आजोबा संगम माहुलीजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते आणि तेरा वर्षे त्यांनी रोज चार-सहा ओळींची रोजनिशी लिहिली. त्या वह्या गेल्या वर्षी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मिळाल्या. सध्या मी आमच्या भागातल्या बेचाळीसच्या चळवळीचा दिवसवार तक्ता तयार करतो आहे. कोणत्या दिवशी कोण कुठे होते, पोलीस कधी आले, तार कधी तुटली, हे त्यात घालताना आजोबांच्या वह्या मला सरकारी कागदांपेक्षाही अधिक उपयोगी पडल्या आहेत, कारण ते प्रत्येक गोष्टीपुढे वेळ लिहीत.

अडचण याच वेळांची आहे. महायुद्धाच्या काळात सरकारी हुकमाने घड्याळे एक तास पुढे झाली होती. १ सप्टेंबर १९४२ च्या पानावर त्यांनी घड्याळ एक तास पुढे केल्याची नोंद केली आहे, आणि त्या दिवसापासून प्रत्येक वेळेच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘न.’ असे लिहिलेले दिसते. त्याचा अर्थ ‘नवी वेळ’ हे उघड आहे, कारण एका ठिकाणी ‘न. ८, जु. ७’ अशी जोडी आहे. हे ‘न.’ दिवाळीपर्यंत नियमाने येते, पुढे कधीतरी येते, आणि १९४३ च्या संक्रांतीनंतर ते पूर्णपणे नाहीसे होते. मला वाटते, नवी वेळ अंगवळणी पडली आणि तिला वेगळे नाव देण्याची गरज त्यांना उरली नाही. परंतु आज ऐंशी वर्षांनी ते पान वाचणाऱ्याला त्या न लिहिलेल्या एका अक्षरामुळे तासाभराचा फरक पडतो.

माझा प्रश्न असा आहे, की तक्त्यात या वेळा आजच्या भारतीय प्रमाणवेळेत बदलून, म्हणजे एक तास वजा करून, लिहाव्यात, की आहेत तशा ठेवाव्यात? कराडचा मोर्चा २४ ऑगस्ट १९४२ रोजी निघाला आणि तासगावचा ३ सप्टेंबरला. या दहा दिवसांच्या मध्येच घड्याळ बदलले. दोन्ही मोर्च्यांच्या वेळा एकाच रकान्यात शेजारी-शेजारी लिहिल्या, तर वाचणाऱ्याची फसगत होणार नाही का? शिवाय माझ्या भाच्याने हा तक्ता संगणकावर चढवला तेव्हा १९४२ च्या काही वेळा आपोआप तासाभराने सरकल्या आणि गावाची पूर्वपीठिका म्हणून घातलेल्या १९०६ पूर्वीच्या दोन नोंदींमध्ये तर नऊ मिनिटांचा विचित्र फरक दिसू लागला. हे संगणकाला कोणी शिकवले, आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवावा?

कृष्णाकाठ (सांगली)

माहुलीकर काका, आपल्या भाच्याच्या संगणकाला हे ज्याने शिकवले त्याची हकिगत थोडी सविस्तर सांगतो, कारण माझे रोजचे काम त्याच्याशीच निगडित आहे.

जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये, सर्व्हरमध्ये आणि बँकेच्या प्रणालीत एक छोटा माहितीसंच असतो. त्याला टीझेड, म्हणजे टाइम झोन, डेटाबेस म्हणतात. कोणत्या प्रदेशाचे घड्याळ ग्रिनिचच्या पुढे किंवा मागे किती होते, ते कोणत्या दिवशी बदलले, उन्हाळी वेळ कधी लागली आणि कधी उठली, हे त्यात वर्षानुवर्षांच्या ओळींमध्ये लिहिलेले असते. ऐंशीच्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी हे काम सुरू केले, पुढे पॉल एगर्ट यांनी संपादनाची धुरा घेतली, आणि जगभरातले स्वयंसेवक त्यांना कायद्याच्या प्रती, राजपत्रे आणि जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणे पाठवत राहिले. या संचात आकड्यांच्या बरोबरीने टिपाही असतात आणि मला त्या आकड्यांहूनही मोलाच्या वाटतात. अमुक तारीख कोणत्या कागदावरून घेतली, दुसऱ्या कोणी वेगळी तारीख सांगितली होती का, तिला का नाकारले, हे सगळे तिथे लिहिलेले असते. उद्या कोणाला चांगला पुरावा मिळाला, तर त्याला नेमके कोणते विधान खोडायचे आहे हे कळते.

भारतासाठी या संचात एकच नोंद आहे आणि ती कोलकात्याच्या नावाने आहे. तिच्यात १८७० पासून १ जानेवारी १९०६ पर्यंत मद्रासची वेळ, म्हणजे ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटे १० सेकंद पुढे, असे धरले आहे. त्यानंतर ५ तास ३० मिनिटे. मग १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत साडेसहा तास, आणि तेव्हापासून आजपर्यंत पुन्हा साडेपाच. आपल्याला दिसलेला नऊ मिनिटांचा फरक हा मद्रास वेळ आणि प्रमाणवेळ यांच्यातला आहे. नेमका सांगायचा तर ८ मिनिटे ५० सेकंदांचा. या ओळींमध्ये ऑक्टोबर १९४१ ते १५ मे १९४२ असा आणखी एक पुढे केलेल्या वेळेचा टप्पा आहे, परंतु ती ओळ कोलकात्याची आहे हे विसरू नये. साताऱ्यातल्या स्वतंत्र पुराव्याशिवाय तो टप्पा मी आपल्या तक्त्याला लावणार नाही. त्या महिन्यांत आपल्या आजोबांनी घड्याळाबद्दल काही लिहिले आहे का, ते अवश्य पाहा.

विश्वासाबद्दल सांगायचे, तर या संचाने स्वतःची मर्यादा आपल्या प्रस्तावनेतच सांगितली आहे. १९७० नंतर ज्या ठिकाणांची घड्याळे एकसारखी चालली त्यांना एकच नोंद द्यायची, हा तिथला नियम आहे. त्याआधीच्या काळातला प्रदेशा-प्रदेशातला फरक जपणे हे त्याचे मुख्य काम नाही. या नियमामुळेच २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅमची नोंद ब्रुसेल्सच्या नोंदीला जोडली गेली आणि १९४० पूर्वीची ॲम्स्टरडॅमची स्वतंत्र वेळ, जी ग्रिनिचच्या जेमतेम वीस मिनिटे पुढे होती, ती बाजूच्या एका जादा फाइलमध्ये गेली. मुंबईला तर स्वतंत्र नोंदच नाही. तेव्हा १९७० नंतरच्या कामासाठी यावर डोळे मिटून विसंबावे. १९४२ साठी तो चांगला वाटाड्या आहे, परंतु साक्षीदार नव्हे. आणि १८९० च्या साताऱ्यासाठी त्याचे उत्तर चुकीचे समजावे.

जंक्शन (मिरज)

वरच्या शेवटच्या वाक्याला माझे अनुमोदन आहे आणि त्याचे कारण आमच्या मिरजेच्या स्टेशनवरून नीट समजते.

एकोणिसाव्या शतकात मद्रासची वेळ ही मुख्यतः रेल्वेची आणि तारखात्याची वेळ होती. मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मधोमध येणाऱ्या मद्रासच्या वेधशाळेची वेळ सगळ्या मार्गांना सोयीची पडे, म्हणून वेळापत्रके तिच्यावर चालत. परंतु गाव स्टेशनच्या घड्याळावर चालत नव्हते. मिरज साधारण ७४ अंश ३९ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने इथली स्थानिक वेळ ग्रिनिचच्या सुमारे ४ तास ५८ मिनिटे पुढे येते. म्हणजे स्टेशनचे घड्याळ गावातल्या वेळेपेक्षा बावीस-तेवीस मिनिटे पुढे असे. साताऱ्याचा रेखांश ७४ अंश धरला, तर तिथला फरक पंचवीस मिनिटांचा होतो.

१९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा रेल्वेच्या दृष्टीने घड्याळ फक्त नऊ मिनिटे सरकले, परंतु जो माणूस स्थानिक वेळेने चालत होता त्याच्यासाठी ते साताऱ्यात ३४ आणि सांगलीत जवळजवळ ३२ मिनिटांनी सरकले. ज्या कागदावर १९०६ पूर्वीची वेळ आहे, तो कागद स्टेशनमास्तरचा, तारमास्तरचा, मामलेदार कचेरीचा की देवस्थानाचा, हे पाहिल्याशिवाय त्या वेळेला अर्थ नाही. आपल्या तक्त्यातल्या १९०६ पूर्वीच्या त्या दोन नोंदी कोणत्या कागदावरच्या आहेत?

माहुलीकर (सातारा)

एक तारेची पावती आहे आणि दुसरी गावच्या रथाच्या उत्सवाची टाचणवही. म्हणजे आपल्या म्हणण्याप्रमाणे पहिलीला मद्रास वेळ लागू आणि दुसरीला साताऱ्याची स्थानिक वेळ. दोन्ही एकाच रकान्यात होत्या. ही चूक माझी आहे, ती आजच दुरुस्त करतो.

घाटमाथा (पाटण)

एक भर घालते. आमच्या पाटण आणि जावळी भागातली असंख्य माणसे गिरणगावात कामाला होती आणि त्यांची पत्रे घरोघरी आहेत. मुंबईने प्रमाणवेळ सहजासहजी मानली नाही. मुंबई महानगरपालिकेने १९०६ नंतरही कित्येक दशके मुंबईची जुनी वेळ पाळली, आणि ती प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे होती. माझ्या पणजोबांच्या पत्रांत ‘मुंबई टाइम’ आणि ‘रेल्वे टाइम’ हे दोन्ही शब्द येतात. गाडीची वेळ लिहिताना रेल्वे टाइम, पाळीची वेळ लिहिताना मुंबई टाइम. त्या माणसाला शाळा चौथीपर्यंतचीसुद्धा नव्हती, परंतु वेळेबरोबर घड्याळाचे नाव लिहिले पाहिजे हे त्यांना बरोबर कळत होते. मुंबईहून आलेल्या पत्रातली वेळ आपल्या तक्त्यात घ्यायची असेल, तर हे आधी पाहावे.

कृष्णातीर (वाई)

हा विषय आमच्या ज्योतिषाच्या व्यवसायात रोज येतो. १९४२ ते १९४५ या काळात जन्मलेल्या मंडळींच्या पत्रिका आजही आमच्याकडे तपासायला येतात आणि त्यांतल्या बऱ्याच पत्रिकांत हा एक तास हरवलेला असतो.

उदाहरण देतो. साताऱ्याजवळ जन्मलेल्या एका आजींची पत्रिका माझ्याकडे आली होती. हातकागदाची गुंडाळी, कडांना हळदीकुंकवाची बोटे, मजकूर काळ्या शाईत. जन्म १५ फेब्रुवारी १९४४, सकाळी नऊ वाजता, आणि खाली ‘सूर्योदयात् गत घटी ५ पळे ०’. एक घटी म्हणजे २४ मिनिटे, तेव्हा पाच घटी म्हणजे दोन तास. फेब्रुवारीच्या मध्याला साताऱ्यात सूर्य प्रमाणवेळेने सातच्या सुमारास उगवतो. सात अधिक दोन, नऊ. वरवर पाहता सगळे जुळते. परंतु १९४४ च्या फेब्रुवारीत घरातले घड्याळ एक तास पुढे होते. त्या घड्याळात सूर्योदय आठ वाजता झाला, आणि नऊ वाजता जन्म म्हणजे सूर्योदयानंतर एकच तास, अर्थात अडीच घटी, झाली होती. पत्रिका लिहिणाऱ्याने घड्याळाची वेळ नव्या हिशेबाची घेतली आणि सूर्योदय मात्र जुन्या हिशेबाचा. त्यामुळे कुंभ लग्नाच्या (लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) ठिकाणी मीन लग्न मांडले गेले. बाईंनी आयुष्यभर ज्या लग्नावरून भाकिते ऐकली ते लग्न त्यांचे नव्हतेच.

याच काळातल्या दुसऱ्या कितीतरी पत्रिकांत ‘युद्धकालीन वेळ’ असा स्पष्ट शेरा असतो आणि गणितही बरोबर असते. म्हणून सरसकट सर्व पत्रिकांतून एक तास वजा करणे हेही तितकेच चुकीचे आहे. एखाद्या ज्योतिषाने आधीच वजा केलेला असतो, मग आपण तो दुसऱ्यांदा वजा करतो. घड्याळाची वेळ आणि गत घटी या दोन्ही लिहिलेल्या असतील, तर त्यांचा परस्परांशी मेळ घालून नेमके काय घडले ते काढता येते. एकच लिहिलेली असेल, तर जन्म पाहिलेल्या माणसाच्या आठवणीतल्या खुणा शोधाव्या लागतात. ‘गुरे सोडायच्या आधी’, ‘काकडआरती चालू असताना’, अशा खुणा घड्याळ बदलल्याने बदलत नाहीत.

मध्यरात्रीच्या जन्मांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. नव्या वेळेने रात्री साडेबाराचा जन्म हा जुन्या हिशेबाने आदल्या तारखेला साडेअकराचा येतो. परंतु गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत जी तारीख पडली तीच त्या माणसाची कायद्याने जन्मतारीख. ती बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

शास्त्रीबुवा, आपल्या क्षेत्राचा आणि या डेटाबेसचा संबंध फार जुना आहे. १९७० पूर्वीच्या वेळांची सर्वाधिक गरज ज्योतिषांनाच होती, त्यामुळे अमेरिकेत या विषयाचे मोठे छापील संकलन ज्योतिषांसाठीच तयार झाले आणि डेटाबेसने सुरुवातीला त्यातल्या तारखांचा आधार घेतला. २०११ मध्ये ज्योतिषाच्या प्रणाली विकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने, ज्या संकलनाचे हक्क आपल्याकडे आहेत त्यातली माहिती वापरली म्हणून, ओल्सन आणि एगर्ट या दोघांवर वैयक्तिक दावा लावला. डेटाबेस काही दिवस आपल्या जागेवरून उतरवावा लागला. घड्याळ अमुक दिवशी बदलले ही घडलेली गोष्ट आहे आणि घडलेल्या गोष्टीवर कोणाची मालकी असू शकत नाही, हा बचावाचा मुद्दा होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने दावा मागे घेतला आणि माफी मागितली. तोपर्यंत इंटरनेटच्या पत्त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयाना या संस्थेने डेटाबेसची जबाबदारी घेतली होती आणि तो आजही तिथेच आहे.

हे सांगण्याचे कारण असे, की त्या छापील संकलनात पुष्कळ तारखा होत्या, परंतु बहुतेक तारखा कुठून आल्या हे त्यात नव्हते. पुढे स्वयंसेवकांनी मूळ कायदे आणि वर्तमानपत्रे पाहिली तेव्हा त्यातल्या अनेक तारखा चुकीच्या निघाल्या आणि एकेक करून बदलाव्या लागल्या. आपला तक्ता असा होऊ नये, असे मला मनापासून वाटते. वेळेच्या शेजारी ती कोणत्या पानावरून घेतली हे असलेच पाहिजे.

यशवंत पेठ (कऱ्हाड)

माझे वडील सांगत, की १९६२ च्या चीन युद्धात आणि पुन्हा १९६५ मध्येही घड्याळ पुढे केले होते. इंटरनेटवरही तसे वाचल्याचे आठवते. मग त्या वर्षांच्या नोंदींनाही हाच नियम लावायला नको का?

जंक्शन (मिरज)

दादा, हे विधान मीही अनेक ठिकाणी वाचले आहे आणि १९७१ चेही नाव त्यात घेतले जाते. परंतु प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत फिरते आणि त्याच्यासोबत ना अधिसूचनेचा क्रमांक असतो, ना सुरुवातीची तारीख, ना शेवटची. डेटाबेसमध्ये १५ ऑक्टोबर १९४५ नंतर भारताचे घड्याळ एकदाही हललेले नाही.

घड्याळ एक तास पुढे करणे ही गुपचूप होणारी गोष्ट नाही. रेल्वेला वेळापत्रकाची सूचना काढावी लागते, आकाशवाणीला बातम्यांच्या वेळा सांगाव्या लागतात, शाळा, न्यायालये, गिरण्या यांना पत्रके जातात, आणि तो बदल मागे घेताना हे सगळे पुन्हा करावे लागते. १९४२ चा बदल आपल्या आजोबांसारख्या खेड्यातल्या शिक्षकाच्या वहीतही उतरला. १९६५ मध्ये तसा बदल झाला असता, तर तो लाखो वह्यांत उतरला असता. आपल्या वडिलांच्या आठवणीला मी खोटे म्हणत नाही. त्या युद्धांच्या काळात रात्री दिवे घालवण्याचे, खिडक्यांना काळे कागद लावण्याचे आदेश होते, संध्याकाळचे व्यवहार लवकर आटोपले जात, आणि ही आठवण पुढे ‘वेळ बदलली होती’ अशा रूपात उरली असेल, असा माझा तर्क आहे. तरीही तो तर्कच आहे. कोणाकडे त्या महिन्यांची रोजनिशी किंवा रेल्वेचे वेळापत्रक असेल, तर या एका प्रश्नाचा कायमचा निकाल लागेल. तोपर्यंत १९६२ आणि १९६५ च्या नोंदींना हात लावू नये.

यशवंत पेठ (कऱ्हाड)

पटले. वडिलांच्या १९६५ च्या दुकानाच्या वह्या आहेत. त्यांत रोज दुकान उघडल्याची वेळ असे. पाहून कळवतो.

द्राक्षबाग (तासगाव)

हा प्रश्न केवळ जुन्या काळाचा आहे असे समजू नये. आम्ही द्राक्षे हॉलंडला पाठवतो. आमचा हंगाम जानेवारीपासून एप्रिलपर्यंतचा आणि त्याच्या मधोमध, मार्चच्या शेवटच्या रविवारी, युरोपचे घड्याळ एक तास पुढे जाते. हिवाळ्यात त्यांच्यात आणि आपल्यात साडेचार तासांचे अंतर असते, त्या रविवारनंतर साडेतीन. तीन वर्षांपूर्वी एका मालवाहतूकदाराने कंटेनरच्या तापमानाची नोंद पाठवली. तिच्यात केवळ तास-मिनिटे होती, कोणत्या ठिकाणची ते नव्हते. माल खराब निघाला तेव्हा तापमान नेमके कोणाच्या ताब्यात असताना वाढले, यावर वाद झाला आणि घड्याळ बदलण्याच्या त्या रात्रीचा एक तास आम्हाला कोणत्याच बाजूला लावता आला नाही. नुकसान आम्ही सोसले. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक नोंदीत ग्रिनिचची वेळ, ठिकाण आणि तिथली स्थानिक वेळ या तिन्ही गोष्टी लिहिल्या जातात.

कृष्णाकाठ (सांगली)

द्राक्षबागवाल्यांची पद्धत योग्य आहे, परंतु ती झालेल्या घटनांसाठी. पुढे होणाऱ्या गोष्टींसाठी मात्र स्थानिक वेळ आणि ठिकाणाचे नाव हेच प्रमाण मानावे, कारण सरकारे आयत्या वेळी नियम बदलतात. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने उन्हाळी वेळ सुरू करणे ऐनवेळी रमजान संपेपर्यंत पुढे ढकलले. देशातल्या अनेक संस्थांनी ते मानले नाही, काही दिवस एकाच देशात दोन घड्याळे चालली, आणि मग सरकारने निर्णय मागे घेतला. डेटाबेसच्या संपादकांनी आधी तो बदल घातला आणि थोड्याच दिवसांत तो उलटा फिरवून नवी आवृत्ती काढली.

गणेशदुर्ग (सांगली)

माझी एक सावधगिरीची सूचना आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीच्या तुरुंगातून निसटले. तो दिवस आमच्या गावाच्या स्मरणात कोरलेला आहे आणि तुरुंगाच्या खंदकापाशी उभे राहिले की तो आजही डोळ्यांसमोर येतो. परंतु त्या दिवशीच्या घटनाक्रमात तास-मिनिटे लिहिताना लक्षात ठेवावे, की सांगली तेव्हा ब्रिटिश मुलखात नव्हती, पटवर्धनांचे संस्थान होते. मिरज, औंध ही संस्थानेही वेगळी. सातारा जिल्ह्याला लागू झालेला सरकारी हुकूम संस्थानाच्या कचेरीला आपोआप लागू झाला, असे धरून चालू नये. संस्थानाच्या दप्तरातला कागद, तुरुंगाची नोंदवही किंवा त्याच दिवशीची तार पाहूनच घड्याळाचे नाव लिहावे. श्रीलंकेत १९९६ मध्ये घड्याळ पुढे गेले तेव्हा तमिळ बंडखोरांच्या ताब्यातला भाग जुन्याच वेळेवर राहिला होता. एका बेटावर हे घडते, तर आपल्याकडे दर दहा मैलांवर हद्द बदलत होती.

आणि कागद जपण्याची घाई करा, ही विनंती. २०१९ च्या पुरात आमच्या घरातल्या दोन पेट्या भिजल्या आणि त्यांतली एकही वही वाचता येण्याजोगी राहिली नाही.

माहुलीकर (सातारा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या चार रात्री मी तक्ता पुन्हा मांडतो आहे आणि काय ठरवले ते इथे लिहितो.

मूळ वेळ जशी लिहिली आहे तशीच पहिल्या रकान्यात राहील. आजोबांनी ‘न.’ लिहिले असेल, तर ‘न.’ सकट. तिला मी हात लावणार नाही. दुसऱ्या रकान्यात घड्याळाचे नाव येईल: साताऱ्याची स्थानिक, मद्रासची म्हणजे रेल्वेची, मुंबईची, प्रमाणवेळ किंवा युद्धकालीन वेळ. तिसऱ्यात ते नाव कशावरून ठरवले, त्या वहीचे आणि पानाचे नाव. आजच्या प्रमाणवेळेत बदललेली वेळ चौथ्या रकान्यात, आणि घड्याळाचे नाव पुराव्याने ठरलेले नसेल तिथे चौथा रकाना रिकामा. संगणकाने आपोआप केलेले सर्व बदल भाच्याने काढून टाकले आहेत.

रिकामे रकाने बरेच निघाले, परंतु जिथे पुरावा आहे तिथे मोठे समाधान मिळाले. तासगावच्या मोर्च्याबद्दल आमच्याकडे एका वृद्ध गृहस्थांची लिहून घेतलेली आठवण आहे. तिच्यात सूर्य अगदी डोक्यावर असल्याचे आले आहे. दुसऱ्या एका कागदात त्याच प्रसंगापुढे दीड वाजल्याची नोंद आहे. इतके दिवस या दोहोंत तासाभराचा विरोध आहे असे समजून मी आठवणीपुढे प्रश्नचिन्ह घातले होते. तासगावात सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्य प्रमाणवेळेने साडेबाराच्या थोडा पुढे माथ्यावर येतो, म्हणजे ३ सप्टेंबर १९४२ च्या घड्याळात दीडच्या थोडा पुढे. दोघेही एकच क्षण सांगत होते. ते प्रश्नचिन्ह मी काल रात्री खोडले आणि शेजारी कारण लिहिले.

कृष्णाकाठ यांनी विचारले होते त्याप्रमाणे १९४१ च्या ऑक्टोबरपासूनची पानेही पाहिली. १९४२ च्या मेपर्यंत घड्याळ बदलल्याची एकही नोंद नाही आणि शाळेची वेळही तीच आहे. १९४५ च्या १५ ऑक्टोबरला मात्र ‘जुनी वेळ सुरू’ एवढे तीनच शब्दांचे टिपण आहे.

या पानांचे फोटो उद्या इथे टाकतो. वह्यांचे उरलेले स्कॅनिंग पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या घरी आहे. घाटमाथा ताई, शक्य झाल्यास पणजोबांची पत्रे बरोबर आणावीत. आणि जंक्शन, आपल्याकडे त्या वर्षांतले रेल्वेचे एखादे वेळापत्रक असेल, तर पुणे-मिरज मार्गाचे पान तेवढे पाहायला हवे आहे.

जंक्शन (मिरज)

१९४४ चे एक आहे, मुखपृष्ठ गेले आहे पण आतली पाने शाबूत आहेत. घेऊन येतो.